इमारत राखणारी माणसे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

रहिवासी संकुलांच्या व्यवस्थापनाविषयी आलेल्या पत्रांपैकी सुरक्षारक्षक, तंत्रज्ञ आणि सफाई कामगार यांच्या कामाशी थेट संबंध असलेली पाच पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत.

प्रश्न : आमचा रात्रपाळीचा सुरक्षारक्षक पहाटे चारच्या सुमारास खुर्चीतच झोपलेला दोनदा आढळला. काही सभासद म्हणतात की, फाटकापासून गच्चीपर्यंत कॅमेरे असताना रात्रीच्या रक्षकावर खर्च करायचाच कशाला? समितीची सचिव या नात्याने मी काय निर्णय घ्यावा?

उत्तर : त्याला काढून टाकण्यापूर्वी हजेरीची वही मागवा आणि झोप लागली त्या दिवशी तो आधी किती तास उभा होता, आदली पाळी त्याने कुठे केली होती, हे एजन्सीला लेखी विचारा. खासगी सुरक्षेच्या व्यवसायात बारा तासांची पाळी सर्रास चालते, बदली माणूस आला नाही की तीच आणखी लांबते, आणि कित्येकदा एकाच माणसाला दिवसा एका इमारतीत आणि रात्री दुसऱ्या इमारतीत नेमले जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ साली आपल्या पहिल्याच करारात औद्योगिक कामासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरवली होती; शंभर वर्षे उलटून गेली तरी फाटकावरच्या माणसापर्यंत ती मर्यादा अनेक ठिकाणी पोहोचलेली नाही. त्यातच पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान सर्वांत खाली आलेले असते आणि सावधपणाही तळाला गेलेला असतो. दिवसा नीट झोप न मिळालेल्या माणसाने या दोन तासांत केवळ निग्रहाच्या बळावर जागे राहावे, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाचा समावेश ‘माणसाला कर्करोग होण्यास बहुधा कारणीभूत’ अशा गटात केला आणि २०१९ साली फेरतपासणी करून तो कायम ठेवला, हेही सभासदांच्या कानावर घाला.

त्यामुळे आधी पाळी आठ तासांवर आणता येते का, ते पाहा. खर्च वाढेल, आणि तो वाढणे रास्त आहे. ते होईपर्यंत मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाची हक्काची विश्रांती ठरवून द्या, तेवढा वेळ फाटकावर दुसरा कोण थांबेल ते लिहून ठेवा, चौकीत पुरेसा उजेड, पिण्याचे पाणी आणि जवळ स्वच्छतागृह आहे याची खात्री करा. स्वच्छतागृहासाठी ज्याला तळघराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते, तो रात्रभरात किती वेळा फाटक मोकळे सोडून जातो, याचा हिशेब समित्या सहसा करत नाहीत. पहाटेच्या वेळी एक फेरी ठेवणे हा झोपेवरचा चांगला उतारा आहे. मात्र फेरीची वेळ रोज तीच असू नये, कारण पाळत ठेवणाऱ्याला ती पाठ होते.

कॅमेऱ्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. कॅमेरा घडलेले टिपतो. जे वावगे दिसते त्यावर थांबून विचार करणे हे माणसाचे काम आहे. १७ जून १९७२ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमधील वॉटरगेट संकुलात फ्रँक विल्स नावाचा चोवीस वर्षांचा सुरक्षारक्षक फेरीवर होता. वाहनतळाच्या एका दाराच्या खिट्टीवर चिकटपट्टी लावलेली त्याला दिसली. कुणा कामगाराने लावली असेल असे समजून त्याने ती काढून टाकली. पुढच्या वेळी तो तिथे आला तेव्हा पट्टी पुन्हा लावलेली होती, आणि या वेळी त्याने पोलिसांना बोलावले. राजकीय पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले आणि त्या प्रकरणाचा शेवट १९७४ साली राष्ट्राध्यक्षांच्या राजीनाम्यात झाला. त्या माणसाने एवढेच केले की तो त्याच दाराशी दुसऱ्यांदा गेला आणि आपण काय काढून टाकले होते ते त्याच्या लक्षात होते. आपल्या रक्षकाकडून हेच हवे असेल, तर त्याला फेरी मारण्याइतके त्राण उरले पाहिजे.

प्रश्न : माझा भाऊ महिन्यातून दोनदा येतो, तरी रक्षक त्याला प्रत्येक वेळी फाटकावर अडवून घरी फोन लावतो. त्याच रक्षकाने लिफ्ट दुरुस्तीवाला असल्याचे सांगणाऱ्या अनोळखी माणसाला मात्र सरळ आत सोडले. याला काय म्हणावे?

उत्तर : याला लेखी सूचनांचा अभाव म्हणावे. ज्याला तोंडी हुकूम दहा जणांकडून मिळतात, तो समोरच्याचा आवाज आणि पेहराव पाहून निर्णय घेऊ लागतो. हातात अवजारांची पेटी असलेला, घाईत असलेला माणूस त्याला खरा वाटतो. समितीने एका कागदावर नियम लिहावेत, सचिवाची सही करावी आणि तो चौकीत लावावा: पाहुणा आला की कुणाला विचारायचे, दुरुस्तीला आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहून कुणाला फोन करायचा, आणि तो फोन समितीने दिलेल्या क्रमांकावरच करायचा, आलेल्या माणसाने सांगितलेल्या क्रमांकावर नव्हे. त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: नियम पाळल्याबद्दल एखाद्या रहिवाशाने रक्षकाला दटावले, तर त्याचे उत्तर समिती देईल. भावाला अडवले म्हणून आपल्याला झालेला त्रास मी समजू शकतो, पण तो रक्षक आपल्या भावाच्या बाबतीत त्याचे काम बरोबर करत होता.

जाता जाता त्या चौकीतील वहीकडेही पाहा. आधी आलेल्या प्रत्येकाचे नाव, घर क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक पुढच्या पाहुण्याला उघडे दिसतात. नोंद रक्षकाने करावी आणि वही त्याच्याच बाजूला राहावी.

प्रश्न : गेल्या आठवड्यात वीज जाऊन लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. रक्षकाने किल्लीने दार उघडून आतल्यांना उड्या मारून बाहेर यायला लावले. सर्वांनी त्याचे कौतुक केले. पण हे योग्य होते का?

उत्तर : त्याची तळमळ खरी होती, पण कृती जीवघेणी होती. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना वाटते की दोर तुटून आपण खाली कोसळू किंवा हवा संपेल. प्रत्यक्षात लिफ्टच्या खोलीला हवा खेळती राहील अशा फटी असतात, ती एकाहून अधिक दोरांवर टांगलेली असते, आणि वेग मर्यादेबाहेर गेला की दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट पकडणारी यंत्रणा तिच्यात असते. एलिशा ओटिस याने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः उंच फळीवर उभे राहून दोर कापायला लावला आणि फळी जागच्या जागी अडकून राहिलेली लोकांना दाखवली, तेव्हापासून सुरक्षेचे हे तत्त्व लिफ्टमध्ये आहे. खरा धोका बाहेर पडताना असतो. लिफ्ट मजल्याच्या वर थांबलेली असली की तिच्या तळाखाली उघडी पोकळी राहते. उडी मारणाऱ्याचा पाय मागे सरकला तर तो थेट त्या पोकळीत जातो. आणि त्याच क्षणी वीज परत आली तर काय होईल, याची कल्पना करवत नाही.

रक्षकाने आतल्यांशी बोलत राहावे, किती जण आहेत आणि कुणाला आजार आहे का ते विचारावे, लिफ्टच्या कंपनीला कळवावे आणि मदत किती वेळात येईल ते आतल्यांना खरे सांगावे. कुणाची प्रकृती बिघडत असेल तर अग्निशमन दलाला बोलवावे. मुख्य वीज बंद करून, ब्रेक सैल करून लिफ्ट हाताने मजल्याशी आणणे हे प्रशिक्षण घेतलेल्याचेच काम आहे, आणि दाराची किल्लीही त्याच्याच हाती असावी. रक्षकाला रागावू नका. ती किल्ली प्रशिक्षणाविना त्याच्याकडे कुणी दिली, ते शोधा.

प्रश्न : सांडपाण्याची टाकी साफ करायला आलेला कंत्राटदार म्हणाला, ‘माणूस दहा मिनिटांत उतरून गाळ काढेल, यंत्राचा खर्च कशाला?’ समिती तयार आहे. आपले मत कळवावे.

उत्तर : समितीला आजच थांबवा. बंद टाकीत कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सडक्या अंड्यासारख्या वासावरून तो ओळखता येतो असे लोक सांगतात; पण त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणजे वास येईनासा झाला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि वायू तर वाढलेला असतो. त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. शिवाय मोकळ्या हवेत सुमारे २०.९ टक्के असणारा प्राणवायू अशा जागी घटलेला असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर तिथे उतरणे असुरक्षित मानतात, आणि हे मोजण्याचे यंत्र कंत्राटदाराकडे आहे का, एवढे एकदा विचारून पाहा. वरून हाक मारून उत्तर येत नाही म्हणून दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा, आणि एकाच टाकीत तिघे दगावतात. या दुर्घटना पुन्हा पुन्हा याच क्रमाने घडत आल्या आहेत. गाळ बाहेरून शोषून घेणारे यंत्र मागवा आणि कंत्राटात ‘कोणतीही व्यक्ती टाकीत उतरणार नाही’ हे वाक्य घाला. दहा मिनिटांचे काम म्हणणारा कंत्राटदार स्वतः उतरत नसतो.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीचीही हीच गोष्ट आहे: ती बराच काळ बंद असेल तर आधी हवा खेळवा, पेट्रोलवर चालणारा पंप आत किंवा तोंडाशी ठेवू नका, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. सफाई कामगारांना ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र न करण्याची ताकीद द्या. त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

प्रश्न : आमच्या इमारतीची देखभाल पाहणारे, सर्वजण ज्यांना काका म्हणतात ते तंत्रज्ञ, दोन महिन्यांनी निवृत्त होत आहेत. नव्या माणसाला काय काय समजावून द्यायला सांगावे?

उत्तर : आपण वेळेवर विचारलेत. अशा माणसाच्या डोक्यात जे असते, ते इमारतीच्या कोणत्याही नकाशात नसते. नकाशात व्हॉल्व्ह असतो. तो बंद केल्यावर प्रत्यक्षात कोणत्या घरांचे पाणी जाते, मधल्या दुरुस्त्यांमध्ये कोणती नळी कुठे जोडली गेली, कोणता व्हॉल्व्ह अर्धाच फिरवायचा कारण पूर्ण फिरवला तर गळतो, हे काकांनाच ठाऊक असते. म्हणून नव्या माणसाने त्यांच्यासोबत प्रत्येक व्हॉल्व्ह बंद करून पाहावा, कोणते नळ कोरडे पडतात ते तपासावे आणि तिथल्या तिथे क्रमांकाचा बिल्ला लावावा. पंपाचा नेहमीचा आवाज आणि टाकीत पाणी नसताना कोरडा चालण्याचा आवाज यांतला फरक त्याने कानांनी ओळखला पाहिजे, कारण कोरडा चाललेला पंप थोड्या वेळात निकामी होतो.

अग्निशमनाच्या पंपाकडे विशेष लक्ष द्या. नळ्यांतील दाब टिकवण्यासाठी एक छोटा पंप असतो आणि दाब एकदम घसरला की मोठा पंप आपोआप सुरू होतो. कुठे गळती असेल तर छोटा पंप सारखा सुरू-बंद होतो, त्याच्या आवाजाची तक्रार येते, आणि गळती शोधण्याऐवजी कुणीतरी पेटीवरचा खटका ‘स्वयंचलित’वरून ‘हाताने’वर फिरवून ठेवतो. मग आग लागेपर्यंत ते कुणाच्या ध्यानात येत नाही. तो खटका कुठे आहे, आज कुठल्या बाजूला आहे आणि का, हे काकांना विचारा. गळती असेल तर ती त्यांच्या देखत दुरुस्त करून घ्या.

नव्या माणसाला काकांच्या निवृत्तीच्या दिवशी नव्हे, तर निदान एक महिना आधी नेमा. त्या महिन्यात दोघांचेही वेतन द्यावे लागेल. ते देखभाल खर्चात धरावे आणि सभासदांना त्याचे कारण स्पष्ट सांगावे. काकांनी तयारी दर्शवली, तर निवृत्तीनंतरही अडचणीच्या वेळी येण्याबद्दल त्यांच्याशी मानधन ठरवून लेखी करार करा, म्हणजे रात्री-अपरात्री त्यांना ओळखीच्या भिडेखातर फुकट यावे लागणार नाही.