हा वाणी नवा आहे का?

प्रश्न : मॅडम, मी कन्नड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या शाळेमागचा डोंगर उन्हाळ्यात पार वाळून जातो. झाडं म्हणाल तर सालई, धावडा, मोई. मृगाच्या दुसऱ्या पावसानंतर मुलांना तिथं पाचोळ्याखाली चपटे, विटकरी रंगाचे, कडेला पिवळे ठिपके असलेले वाणी, म्हणजे पुष्कळ पायांचे पैसा किडे, सापडले. त्यातले तीन एका बरणीत ठेवलेत. झाकण उघडलं की बदामासारखा वास येतो. मोबाइलवर खूप शोधलं, पण तसा फोटो कुठंच मिळाला नाही. ही नवी जात असेल का? असली तर तिला आमच्या गावाचं नाव देता येईल का?
– एक शिक्षक, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सर, ती बरणी आधी वर्गातून बाहेर न्या. चपट्या वाण्यांना डिवचलं की ते अंगावरच्या बारीक छिद्रांतून एक द्रव सोडतात. त्यात बेंझाल्डिहाइड असतं, बदामाचा वास त्याचाच. पण त्याच्यासोबत हायड्रोजन सायनाइडही असतं. प्रमाण अगदी थोडं, मोकळ्या हवेत घाबरण्यासारखं काही नाही. तरी बरणीला नाक लावून कुणी हुंगू नये, आणि वाणी हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावू नये.

आता तुमचा प्रश्न. मोबाइलवर फोटो जुळला नाही, यावरून काहीच ठरत नाही. 2016 साली भारतातल्या वाण्यांची यादी छापून आली, तिच्यात सुमारे 270 जाती आहेत. त्यातल्या कितीतरी जातींची ओळख म्हणजे जुन्या कागदावरचं एक रेखाचित्र आणि अल्कोहोलमध्ये रंग उडालेला एखादा नमुना. त्यामुळे तुम्हाला फोटो न सापडलेली जात शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेली असू शकते. आणि फोटो हुबेहूब जुळला, तरी जात वेगळी निघू शकते.

निकाल लागतो नरावर. चपटा वाणी उताणा करून भिंगाखाली धरा आणि डोक्यामागच्या पहिल्या कड्यापासून मोजत सातव्या कड्यापर्यंत या. मादीला तिथं इतर बहुतेक कड्यांसारख्याच पायांच्या दोन जोड्या दिसतील. नराला पुढची जोडी नसते. तिच्या जागी एक खळगा असतो आणि त्यात गळासारखे दोन बाकदार आकडे मिटून बसलेले असतात. हे पायच, पण चालायचे नव्हेत. नर त्यांनी मादीपर्यंत वीर्य पोचवतो. मी दोन सुयांनी ते अलगद सोडवून ग्लिसरीनच्या थेंबात ठेवते. मधाच्या रंगाचे, शिंगासारखे चकचकीत, कुठं चमच्यासारखी वाटी, कुठं केसाएवढा काटा, टोकाला एक पीळ. रंग, ठिपके, लांबी यांत दोन जाती सारख्या असू शकतात, पण या आकड्यांची घडण सहसा जातीजातीला निराळी असते. चाळीस वर्षं मी ते बघते आहे, तरी प्रत्येक वेळी श्वास रोखूनच बघते. तुमच्या तिन्ही माद्या किंवा पिल्लं असतील, तर त्यांच्यावरून नवी जात जाहीर करण्याचा आग्रह धरू नका. जुन्या काळी नुसत्या मादीवरून नावं दिली गेली, ती कोडी आम्ही आजही सोडवत बसलोय.

पुढचं काम जास्त वेळ खातं. त्या आकड्यांचं चित्र आजवर छापलेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी ताडून पाहावं लागतं. त्यासाठी व्हिएन्नाच्या कार्ल अ‍ॅटेम्सने 1936 साली भारतातल्या वाण्यांवर लिहिलेला मोठा ग्रंथ उघडावाच लागतो. ज्यांच्यावरून जातींना नावं दिली गेली ते मूळ नमुने लंडन, व्हिएन्ना, कोलकाता असे विखुरलेले. चित्रावरून खात्री पटली नाही, तर तो नमुनाच पाहावा लागतो.

एवढा खटाटोप का, तर वर्णन लिहायचं ते तुम्हीआम्ही नसताना परक्या माणसाला तोच प्राणी ओळखता यावा आणि गाठता यावा म्हणून. कॅलिफोर्नियातल्या सान बेनिटो भागात ओकच्या जंगलाच्या टेकड्या आहेत. तिथला एक बारीक, दोऱ्यासारखा वाणी 1926 साली गोळा झाला आणि 1928 साली कुक आणि लूमिस यांनी त्याला नाव दिलं, इलॅक्मे प्लेनिपेस. 750 पर्यंत पाय असलेला प्राणी! मग तो दिसेनासाच झाला. 2005 साली पॉल मारेक नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने तो पुन्हा शोधला, तो कशाच्या आधारावर? सॅलिनासकडून सान ह्वान बॉटिस्टाकडे जाताना खिंड ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर सापडला, एवढी जागेची नोंद त्या जुन्या वर्णनात होती म्हणून.

माझ्याकडे याच्या उलट उदाहरण आहे. एम.एस्सी.ला असताना मला एक काळा, पिवळ्या पायांचा नर सापडला होता. चिठ्ठीवर मी लिहिलं, ‘डोंगर, जुलै’. त्या वर्षी आम्ही सहा डोंगर चढलो होतो. नंतर तीनदा गेले, तसा दुसरा मिळाला नाही. ती बाटली अजून कपाटात आहे आणि तिचा कुणालाच उपयोग नाही.

कोरड्या डोंगरावर तर जागेला फार मोल. वाण्याच्या अंगातलं पाणी लवकर उडतं, म्हणून उन्हाळाभर तो जमिनीत, मुळांपाशी, दगडांच्या फटीत दडून राहतो. वर येतो तो पावसाच्या थोड्या आठवड्यांपुरता, आणि तेवढ्यात जाऊन जाणार किती लांब? मधलं उघडं माळरान त्याला समुद्रासारखं. म्हणून एखादी जात एका डोंगरापुरतीच असू शकते, आणि म्हणूनच तुमचं पत्र वाचून मी खुर्चीत ताठ बसले.

पण आता कृपा करून आणखी वाणी धरू नका. तुमचा डोंगर गौताळा अभयारण्याच्या हद्दीत येतो का, हे आधी वनविभागात विचारा. येत असेल तर लेखी परवानगीशिवाय पाचोळ्यातला किडाही उचलता येत नाही, शाळेच्या प्रयोगासाठीसुद्धा नाही. बरणीतले तीन जिवंत असतील तर रंग दिसेल असे फोटो काढा, कारण अल्कोहोलमध्ये रंग टिकत नाही. मग ते जिथं सापडले त्याच झाडाखाली सोडा. मेले असतील तर तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये नको, त्याने डीएनए खराब होतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई विरघळते. गाव, ओढ्याची कुठली बाजू, कुठल्या झाडाखाली, तारीख, कुणाला सापडला. त्या मुलाचं किंवा मुलीचं पूर्ण नाव हवं.

गावाचं नाव देता येतं. गावाच्या नावाला लॅटिन धाटणीचा ‘एन्सिस’ जोडतात, आणि मला ते माणसांच्या नावांपेक्षा आवडतं. मात्र नाव खरं होतं ते शोधनिबंध रीतसर छापून आल्यावर. वर्तमानपत्रातल्या बातमीने नाही. शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीचा नमुना सरकारमान्य संग्रहात जमा करावाच लागतो. तुम्हाला त्यातल्या त्यात जवळ म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यात आकुर्डीला असलेलं केंद्र.

मला आधी फोटोच पाठवा. पाठीकडचे तर हवेतच, शिवाय पोटाकडून, सातव्या कड्याचे, शेजारी पट्टी ठेवून काढलेले.