चपट्या कृमींवर औषधाआधी उपसा करा

प्रवाळ वाढवण्याच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत काचेवर आणि खडकांवर दिसणारे विटकरी रंगाचे, मागच्या टोकाला दुभंगलेले चपटे कृमी प्रवाळ खात नाहीत. मात्र त्यांचा थर दाट झाला की प्रवाळांपर्यंत प्रकाश पोहोचत नाही. ते दिसताच औषधाची बाटली उघडण्याची घाई करू नका. मरताना हे कृमी पाण्यात विषारी द्रव्य सोडतात, आणि हजारो कृमी एकाच वेळी मेले तर कृमींपेक्षा माशांचेच अधिक नुकसान होते. म्हणून आधी काही दिवस बारीक नळीने सायफन करून, बाहेर काढलेले पाणी दाट कापडातून गाळत, त्यांची संख्या शक्य तितकी घटवा. त्यानंतरच औषध द्या. त्या वेळी विषारी द्रव्य शोषून घेणारा ताजा सक्रिय कोळसा आणि पाणी बदलण्यासाठी पुरेसे खारे पाणी तयार असू द्या, आणि मेलेले कृमी तरंगू लागताच तेही ओढून काढा. सिक्स-लाइन रास मासा काही वेळा हे कृमी खातो, पण केवळ त्याच्या भरवशावर राहणे मला पटत नाही.

ॲक्रोपोरा हा फांद्यांचा प्रवाळ खाणाऱ्या कृमींचे प्रकरण वेगळे, आणि अधिक चिवट आहे. ते प्रवाळाच्याच रंगात मिसळून जातात. फिकट गोल चावे आणि फांदीच्या तळाशी उघड्या सांगाड्यावरील तपकिरी अंडी हीच त्यांची खूण. औषधी द्रावणात बुडवल्याने कृमी गळून पडतात, अंडी मात्र टिकतात, त्यामुळे ती खरवडून काढावीत आणि प्रवाळ वेगळ्या टाकीत ठेवून काही आठवडे ठरावीक अंतराने पुन्हा बुडवावा.