बीएस६ डिझेल गाडी रिमॅप करून डीपीएफ काढला, तर पीयूसीत अडकेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२१ची बीएस६ डिझेल एसयूव्ही, कोथरूडहून ऑफिस सहा-सात किलोमीटर, डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, लाइट सारखा लागतो. सर्व्हिस सेंटरने नव्या फिल्टरचा जो आकडा सांगितला तो ऐकून तुम्ही हादरलात. ट्यूनर म्हणतोय, ‘स्टेज वन मारू, डीपीएफ-ईजीआर बंद करू, पीयूसीची गॅरंटी माझी.’ स्टेज वन म्हणजे साधा रिमॅप: इंजिनाच्या कॉम्प्युटरची (ईसीयू) फाइल बदलून ताकद वाढवायची. तर हे करावं का, आणि केलं तर तपासणीत पकडले जाल का?

पीयूसीत बहुधा अडकणार नाही. तेवढ्यापुरता तुमचा ट्यूनर खरं बोलतोय. डिझेल पंप आणि इंजेक्टर हेच माझं रोजचं काम, म्हणून ही गॅरंटी इतक्या बिनधास्त का देता येते ते आधी सांगतो.

पीयूसीवाला डिझेल गाडीचा फक्त धूर बघतो. गाडी न्यूट्रलवर, सायलेन्सरच्या तोंडात नळी, दोन-चारदा दाबून रेस, आणि धुरामुळे उजेड किती अडला याचा आकडा. न्यूट्रलवर इंजिनावर लोडच नसतो, टर्बोसुद्धा नीट भरत नाही. रिमॅपमध्ये घातलेलं जास्तीचं डिझेल पडतं ते गाडीत पाच माणसं आणि सामान भरून खंबाटकी चढताना, तिसऱ्या गिअरमध्ये. तिथे कोणी मशीन लावून बसलेलं नसतं. नायट्रोजन ऑक्साइड तर डिझेलच्या पीयूसीत मोजतच नाहीत, आणि ईजीआर बंद केला की वाढतो नेमका तोच. ईजीआरचं कामच हे की जळालेला थोडा वायू परत आत सोडायचा, सिलिंडरमधलं तापमान खाली ठेवायचं, म्हणजे हा वायू कमी तयार होतो. ईजीआर बंद केला की उलट धूर थोडा कमीच दिसतो! म्हणून ‘बघा, गाडी किती स्वच्छ झाली’ असं दाखवणंही सोपं जातं.

बीएस४ डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, बीएस६ला ०.०८. सूक्ष्म कण ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५वर आले. १ एप्रिल २०२०पासून बीएस६ लागू झालं, आणि त्यापायी तुमच्या गाडीला जे पैसे जास्त लागले, त्यातले बरेचसे या दोन आकड्यांसाठी, म्हणजे ट्यूनर जे काढायला निघालाय त्याच सामानासाठी लागले.

खात्री करायची तर मशीनही नको. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये, गाडी थंड असताना, पांढरं फडकं फिरवून बघा. जवळजवळ कोरं निघतं. जिचा डबा कापून, आतलं जाळं काढून परत वेल्डिंग मारलंय, तिचं फडकं पहिल्याच फेरीत काळंभोर. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या जाणत्यांना हे आता ठाऊक झालंय. स्कॅनर लावून फिल्टरच्या दाबाचं रीडिंग बघणारेही आहेत, तेव्हा विकताना भावात फटका बसतो.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावर पोलीस ईसीयूची फाइल उघडून बघत नाहीत, हे उघड आहे. पण मोठा अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरू लागला की न कळवलेला बदल तुमच्याविरुद्ध जातो. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सिस्टिमला ईसीयू किती वेळा फ्लॅश झालाय (फाइल बदललीय) तेही बऱ्याचदा दिसतं.

धुराच्या मीटरला गायब झालेला डीपीएफ दिसत नाही, हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४पासून वार्षिक तपासणीत फिल्टर जागेवर आहे का ते बघू लागले. रिकामा डबा बाहेरून तसाच दिसतो, त्यामुळे त्यातूनही लोक सुटायचे. मग नेदरलँड्सने जानेवारी २०२३पासून आणि जर्मनीने जुलै २०२३पासून थेट कण मोजायला सुरुवात केली. जर्मनीत मर्यादा एका घन सेंटिमीटरला अडीच लाख कण. ऐकायला भरपूर वाटतात, पण फिल्टर चांगला असेल तर त्याच्या जवळपासही आकडा जात नाही. तुमची गाडी १५ वर्षं पूर्ण करून आरटीओत फेरनोंदणीला उभी राहील ती २०३६मध्ये. तोवर आपली तपासणी आजच्यासारखीच राहील या भरवशावर मी तरी डबा कापणार नाही.

कोणीतरी म्हणेलच की कंपन्याच चोर, त्यांना कोण विचारतं. फोक्सवॅगनला विचारलं होतं. २०१५मध्ये तपासणीपुरतं प्रदूषण कमी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची लबाडी उघडी पडली, आणि मार्च २०१९मध्ये आपल्या राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड सुनावला. पण कर्वे रोडच्या सिग्नलला तुमच्या सायलेन्सरमागे स्कूटरवर लहान मूल घेऊन जो थांबलाय, त्याला धूर कंपनीचा की ट्यूनरचा याने काय फरक पडतो?

आता नुसत्या रिमॅपचं. ‘कंपनीने इंजिन मुद्दाम बांधून ठेवलंय’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट आठवा, अर्ध्या महाराष्ट्राने चालवलंय. तेच इंजिन ७५ पीएसचंही होतं आणि ९० पीएसचंही. लोक म्हणायचे, फरक फक्त सॉफ्टवेअरचा. तसं नव्हतं, ९०वाल्याला व्हेरिएबल टर्बो होता. साध्या टर्बोवर नुसत्या फाइलने तेवढी ताकद काढायची म्हणजे डिझेल जास्त आणि हवा बेताची. मग काजळी होणार, एक्झॉस्ट तापणार. सगळे ट्यूनर हे करत नाहीत. हवेचं गणित सांभाळून, धुराची मर्यादा न उघडता फाइल लिहिणारे आहेत, आणि वॉरंटी संपलेल्या बीएस४ गाड्या अशा फाइलवर वर्षानुवर्षं चाललेल्या मी बघतो. आधी बोंबलतो तो क्लच. पण कायदा आणि विमा त्यांनाही चुकत नाही. ज्या स्वस्त डब्या वायरिंगमध्ये खोचतात, त्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. त्या रेल प्रेशर सेन्सरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्याचा) खोटा, कमी आकडा ईसीयूला दाखवतात, ईसीयू बिचारा दाब वाढवत बसतो, आणि ते इंजेक्टर मग आमच्या टेबलावर येतात.

तुमचा खरा आजार मात्र ताकद नाही, डीपीएफ आहे, आणि तो रिमॅपने बरा होणार नाही. काजळी जाळायला फिल्टर ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. सहा-सात किलोमीटर सिग्नल खात गेलात तर तो कधीच तापत नाही. गाडी जादा डिझेल मारून तापवू बघते, तुम्ही ऑफिसला पोचून मध्येच बंद करता, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून बघा: पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि वासाला डिझेल येत असेल, तर आधी ऑइल बदला, तेही डीपीएफला चालणारं, कमी राखेचं. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, फिल्टर कायमचा भरतो तो तिने.

मग आठवड्यातून एकदा चांदणी चौकातून हायवेला लागा आणि खेड शिवापूरपर्यंत जाऊन या. २,०००च्या वर आरपीएम, एकसारखा वेग, वीसेक मिनिटं. फॅन जोरात फिरतोय, आयडल नेहमीपेक्षा वर आहे, जळका वास येतोय असं दिसलं तर गाडी बंद करू नका, काम चालू आहे. तरीही लाइट राहिला तर फिल्टर बदलण्याआधी प्रेशर सेन्सरच्या बारीक रबरी नळ्या तपासायला सांगा. चिरलेल्या नळीमुळे फिल्टर ‘चोक’ दाखवणाऱ्या गाड्या आमच्याकडे येतात. इंटरकूलरचा होज, ईजीआर व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरचं रीडिंगही बघून घ्या. एवढं सगळं ठीक निघालं तर फिल्टर उतरवून मशीनवर साफ करून देणारे पुण्यात आहेत, नव्याच्या तुलनेत खर्च फारच कमी.

आणि रोजचं जाणं-येणं पुढेही एवढंच राहणार असेल, हायवेला फिरकणं होणार नसेल, तर डीपीएफ जागेवर असताना ही गाडी विका आणि पेट्रोल घ्या. डबा कापल्यावर तेच गिऱ्हाईक फडकं घेऊन येईल.