तुझ्या कचरापेटीबद्दल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली चित्रं दोन दिवस टेबलावर पसरून ठेवली आहेत, येता-जाता बघते आहे. भरत आली की मोबाइलवर निरोप धाडणारी कचरापेटी, झाकणावर सौर पट्टी, आत सेन्सर. रेखाटन स्वच्छ आहे आणि त्यामागची तळमळ खरी आहे. म्हणूनच नुसतं ‘छान’ म्हणून मोकळी होणार नाही.

पाच-सात वर्षांनी ही पेटी बंद पडेल तेव्हा तिचं काय करायचं, हे एकाही चित्रात नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नाही. हातात धरून वापरायचं एक मोजणी यंत्र आम्ही केलं होतं. ते सडपातळ दिसावं म्हणून मी चार स्क्रू काढून टाकले, दोन्ही कवचं ग्लूने जोडली आणि बॅटरीही तळाला चिकटवून टाकली. पाण्याचा थेंब आत जात नव्हता, जोडणीचा वेळ वाचत होता. सगळे खूश होते, मीही. काही वर्षांनी ई-कचरा सुटा करण्याच्या एका शेडमध्ये गेले, तर समोरच्या ढिगात आमचंच यंत्र. तिथल्या एका बाईंनी ते उचललं, फटीत छिन्नी धरली आणि हातोडीचा ठोका दिला. कवच उघडलं नाही, तडकलं. तिसऱ्या ठोक्याला छिन्नी आत घुसली ती थेट बॅटरीला लागूनच. त्यांनी झटकन हात मागे घेतला, क्षणभर वास घेत थांबल्या आणि पेट घेऊ नये म्हणून यंत्र वाळूच्या बादलीत टाकून दिलं. “चिकटवलेली आम्ही उघडत नाही,” एवढंच म्हणाल्या. आतलं तांबं, बोर्ड, बॅटरीतले धातू, सगळं त्या वाळूत गेलं. चार स्क्रू असते तर दोन मिनिटांचं काम होतं.

2022 साली जगात सुमारे 6.2 कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या वाटेला लागल्याची नोंद आहे. उरलेल्याचं खापर आपण लोकांच्या सवयींवर फोडतो. सवयींचा दोष आहेच, पण त्या ढिगातला ग्लू माझ्यासारख्यांनी लावलेला आहे. आता युरोपीय संघाने नियम केला आहे की, 2027 पासून बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. नियम येण्याची वाट आपण का पाहायची?

आता एक गोष्ट सांगते. ती मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते, कारण तिच्यात चिप नाही, ॲप नाही. कोळंबीसाठी समुद्रतळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यात कासवं अडकतात. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं. जाळं पाण्याखाली फार वेळ राहिलं की ते बुडून मरतं. यावर अमेरिकेत सरकारी संशोधकांनी जाळ्यात बसवायचा एक पिंजरा केला. काम करायचा, पण अवजड होता. हलत्या डेकवर तो हाताळायला खलाशी नाखूष असत. त्याआधीच जॉर्जिया राज्यातला सिंकी बून नावाचा कोळी वेगळ्याच त्रासाने वैतागला होता. त्याच्या जाळ्यात जेलीफिश भरायचे. त्याने जाळ्याच्या गळ्यात गजांची एक तिरपी जाळी बसवली. कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते आणि मोठं काही आलं, की उतारावरून घसरत वरच्या किंवा खालच्या फटीतून बाहेर पडतं. जेलीफिशसाठी केलेली ही युक्ती कासवांनाही लागू पडली. 1987 मध्ये अमेरिकेने अशी साधनं बंधनकारक करणारे नियम आणले. कोळ्यांनी कडाडून विरोध केला. पकड घटेल ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही, फटीतून थोडी कोळंबीही निसटतेच. तरी गजांची ती साधी जाळी टिकली आणि पसरली. नीट बसवलेली असेल तर जाळ्यात आलेल्या शंभरातली 97 कासवं तिच्यातून सुटतात, असं तिथली मत्स्यसंस्था सांगते.

दोन्ही साधनांचा हेतू सारखाच चांगला होता. एक कासवाचा विचार करून केलेलं होतं, दुसरं रोज जाळं ओढणाऱ्याच्या हातून आलेलं होतं. तुझी पेटी रोज कोण उचलणार आहे? त्या माणसाचा हातही तुझ्या चित्रात नाही.

आणखी एक सांगते, घाबरवायला नाही, पण ठाऊक असलेलं बरं. फ्रिजमधले सीएफसी वायू 1928 मध्ये आले ते उपाय म्हणूनच. त्याआधीचे वायू विषारी होते, हे मात्र ना जळत, ना विषबाधा करत. 1974 मध्ये मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी ते पृथ्वीवरचा ओझोनचा थर कसा खातात हे दाखवलं, 1987 मध्ये त्यांना आवर घालणारा माँट्रियल करार झाला आणि त्यांच्या जागी एचएफसी नावाचे वायू आले. ते ओझोनला निरुपद्रवी, पण त्यातले कित्येक कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतात. म्हणून 2016 मध्ये तेही कमी करायला देशांना रवांडातल्या किगालीत पुन्हा बसावं लागलं. यातल्या कुणालाही मी मूर्ख म्हणणार नाही. फक्त आपला उपाय पूर्ण झाला असं मानायची घाई करू नकोस.

सेन्सर नकोच, असं माझं म्हणणं नाही. कचऱ्याच्या गाडीच्या रिकाम्या फेऱ्या त्याने वाचत असतील, तर त्याने आपली बॅटरी वसूल केली म्हणायची. पण ते मोजून सांग. आठवडाभर पहाटे उठून गाडीच्या मागे जा. किती पेट्या अर्ध्या रिकाम्या असताना उपसल्या जातात, ते वहीत टिपून ठेव. किती वेळा ओला-सुका एक झालेला असतो तेही टीप. मला तर शंका आहे की, तुझा खरा प्रश्न पेटी भरण्याचा नसून तिच्या तोंडाच्या आकाराचा आहे. उचलणाऱ्यांशी बोल. त्यांची परवानगी घेऊन एक पेटी स्वतः उचल, पावसात भिजलेली मिळाली तर उत्तमच.

मग दुसरं चित्र काढ, पेटी उलटी करून, तळाच्या बाजूने. स्क्रू किती आहेत आणि कुठे आहेत, ते मला तिथून दिसू दे.

वाट पाहते.