अमेरिकेतल्या छोट्या एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चमध्ये पहिल्यांदाच जायचंय. प्रभुभोजनाच्या वेळी काय करायचं?

तुमचा बाप्तिस्मा झालेला असेल, मग तो कॅथलिक असो की चर्च ऑफ नॉर्थ इंडियातला, तर बिनधास्त पुढे जा. वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेका किंवा उभे राहा, डाव्या तळहातावर उजवा ठेवून हात पुढे करा. भाकर त्यात ठेवतात. 'आमेन' म्हणून खा. प्याला आला की त्याच्या बुडाला हात लावून तो स्वतःच ओठांकडे कलता करा, नाहीतर देणाऱ्याला अंदाज येत नाही आणि द्राक्षारस सांडतो. भाकर बुडवण्यापेक्षा घोट घेणं बरं, कारण बुडवताना बोटं द्राक्षारसाला लागतात. नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्णच मानतात. बाप्तिस्मा नसेल तर पुढे जाऊन हात छातीवर एकमेकांवर आडवे धरा, आशीर्वाद देतील.

बाकात १९७९ चं प्रार्थनापुस्तक असतं, बहुधा लाल. उपासना सहसा पान ३५५ पासून. गीतांचं पुस्तक वेगळं.

छोट्या मंडळीत दर रविवारी पाळक येतोच असं नाही. अशा दिवशी सभासदच पान ७५ वरची सकाळची प्रार्थना चालवतात आणि बहुधा प्रभुभोजन नसतं. म्हणून आधी फोन करून विचारा. नंतर कॉफीला नक्की थांबा, खऱ्या ओळखी तिथेच होतात.