आम्लकारक आणि अल्ककारक आहाराने प्रकृतीत खरोखर फरक पडतो का?

आपला प्रश्न असा आहे की, लघवीच्या पट्टीवर रोज सकाळी आम्लता दिसत असल्यामुळे थकवा आणि सांधेदुखी हा आम्लकारक अन्नाचा परिणाम मानावा का, आणि मांस, अंडी व धान्ये जवळजवळ बंद करून अल्ककारक आहाराकडे वळावे का. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि माझे मत असे आहे की भाज्या-फळे जरूर वाढवावीत, पण त्यामागे जे कारण सांगितले जाते ते बहुतांशी टिकत नाही.

लघवीचा सामू, म्हणजे पीएच (७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी), साधारणपणे ४.५ ते ८ यांच्या दरम्यान फिरत असतो आणि सकाळच्या पहिल्या लघवीत तो बहुतेकांचा आम्लाकडेच झुकलेला असतो. रक्ताचा सामू मात्र ७.३५ ते ७.४५ एवढ्याच मर्यादेत राहतो, कारण रक्तातील बायकार्बोनेट आम्लाला तिथल्या तिथे आवरते, फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात आणि उरलेले आम्ल मूत्रपिंडे लघवीवाटे काढून टाकतात. पट्टीवर दिसतो तो या टाकून दिलेल्या आम्लाचा रंग. त्यावरून रक्ताविषयी काहीच ठरवता येत नाही.

अन्न आम्लकारक आहे की अल्ककारक, हे चवीवरून कळत नाही. लिंबू जिभेला आंबट लागते, परंतु त्यातील सायट्रेटचे ज्वलन होऊन शरीरात बायकार्बोनेट तयार होते, म्हणून ते अल्ककारकांत मोडते. याउलट मांस, चीज आणि अंड्याचा बलक आंबट नसूनही, त्यांच्या प्रथिनांतील गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनते आणि फॉस्फरस त्यात भर घालतो. रेमर आणि मान्झ या संशोधकांनी १९९५ मध्ये यासाठी एक सूत्र मांडले, ज्यात प्रथिने व फॉस्फरस मिळवले जातात आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम व कॅल्शियम वजा केले जातात. त्या हिशेबाने १०० ग्रॅम पार्मेझान चीजचा आम्लभार सुमारे ३४ मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल मोजण्याचे एकक; उणे आकडा म्हणजे अल्ककारक) येतो, पालकाचा उणे १४ आणि मनुकांचा उणे २१. दूध मात्र अवघ्या ०.७ वर, म्हणजे जवळपास तटस्थ. (एकाच दुधाच्या दोन रूपांत एवढी तफावत पाहून मलाही प्रथम नवल वाटले होते.)

हे आम्ल निष्प्रभ करण्यासाठी हाडांतील कॅल्शियम झिजते, असे आपण वाचले असेल. प्रथिने वाढवल्यावर लघवीतील कॅल्शियम वाढते हे खरे आहे, पण त्याचे एक कारण आतड्यांतून कॅल्शियमचे शोषणही वाढते हे आहे, आणि आहारातील आम्लभार व हाडांचा ठिसूळपणा यांचा कार्यकारण संबंध २०११ मधील सविस्तर आढाव्यात सिद्ध झाला नाही.

मग असा आहार घेणाऱ्या अनेकांना बरे का वाटते? तळलेले, अतिगोड आणि डबाबंद पदार्थ आपोआप कमी होतात, चोथा वाढून पोट साफ होते आणि पोटॅशियममुळे रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते. हा फायदा खरा आहे, फक्त त्याचे श्रेय रक्ताच्या सामूला देऊ नये. मांस-अंडी पूर्ण सोडून दूधही कमी केले आणि बी१२ ची सोय केली नाही, तर कालांतराने ज्या थकव्यासाठी हे सर्व आरंभले तोच वाढू शकतो.

आहारातील आम्लभाराला खरोखर महत्त्व येते ते मूत्रपिंडांच्या विकारांत. युरिक आम्लाचे खडे लघवीचा सामू ५.५ पेक्षा खाली राहिला की बनतात आणि म्हणून डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात. कॅल्शियम फॉस्फेटचे खडे मात्र अल्कधर्मी लघवीत वाढतात. मूत्रपिंडांचा दीर्घकालीन आजार असल्यास भाज्या-फळांनी रक्तातील आम्लता कमी होऊ शकते, पण त्याच रुग्णांत पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडण्याची भीतीही असते. अशा वेळी आहार स्वतःच्या मनाने बदलू नये.

आपण मूत्रपिंडांच्या विकाराचा उल्लेख केलेला नाही, म्हणून अर्धे ताट भाज्या-फळांचे ठेवावे आणि अंडी, मांस, धान्ये बेताने चालू ठेवावीत. सामू वाढवण्यासाठी पाण्यातून खाण्याचा सोडा घेत असाल तर तो थांबवावा, कारण त्यातून सोडियम भरपूर जाते. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ तपासून घ्यावे, आणि दुखणे पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात अचानक, सूज व लाली घेऊन येत असेल, तर रक्तातील युरिक आम्लही पाहावे.