राणीबागेतल्या गोरखचिंचेची नोंद घेताना

गोरखचिंच म्हणजे बाओबाबचं झाड. पहिलं काम खोडाच्या घेराचं. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाला चार बाजूंनी खडूने खुणा करा आणि टेप त्यांवरूनच फिरवा. एकट्याने मोजायला जाऊ नका. मागच्या बाजूला टेप हमखास खाली घसरतो आणि घेर चुकतो. शिंप्याचा टेप ताणला जातो, फायबरग्लासचा घ्या. नेमकी तिथेच गाठ किंवा फुगवटा असेल, तर त्याखाली खोड सर्वांत बारीक असेल तिथे मोजा आणि ती उंचीही लिहा. नाहीतर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार?

गोरखचिंच खोडात पाणी साठवते, त्यामुळे घेर ऋतूनुसार थोडा कमी-जास्त होतो. म्हणून तारीख हवीच, आणि पुढची मोजणीही त्याच महिन्यात. घेरावरून वय काढायच्या फंदात पडू नका. खोड बरेचदा आतून पोकळ असतं.

उन्हाळ्यात झाड निष्पर्ण दिसलं म्हणून ‘वाळलेलं’ लिहू नका. पावसाळ्यात पंजासारखी पानं येतात, तेव्हा पुन्हा जाऊन फोटो काढा. जीपीएसचा आकडा दाट सावलीत काही मीटर चुकतो, तेव्हा जवळच्या पक्क्या बांधकामापासूनचं अंतरही टिपा. नंबराची पाटी खिळ्याने ठोकू मात्र नका.